टीव्हीच्या कोपऱ्यातली वहिनी

आमच्या वहिनीचं लग्न झालं दादाशी, पण संसार केला तो आईशी. दादा मालवाहू जहाजावर इंजिनिअर, वर्षाचा बराचसा काळ समुद्रावर. आईला जन्मापासून ऐकू येत नाही. मी पोटची मुलगी, पण अर्धेमुर्धे हातवारे करून वेळ मारून न्यायचे. वहिनीने मात्र आल्या आल्या खुणांची भाषा अशी उचलली, की दोघींच्या गप्पा भांडी घासतानाही थांबेनात. बोलायला हात मोकळे हवेत, म्हणून हातातली बशी खुशाल सोडून द्यायच्या. "अगं, घरात एक तरी बशी धड राहू द्या!" मी ओरडायचे. ऐकतंय कोण!

पुढे तिने रीतसर परीक्षा दिली आणि टीव्हीवर लागली. संध्याकाळच्या बातम्यांत खाली कोपऱ्यात चौकट असते ना, त्यात काळा सदरा घालून हातांनी बातम्या सांगणारी ती आमची वहिनी. निवेदक बोलेल तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही, असा त्या कामाचा दंडक. आईला मोठ्या पडद्याशी काही घेणंदेणं नव्हतं. ती त्या कोपऱ्याला डोळे लावून बसायची, आणि वहिनी घरात शिरली की पहिलं, "आज केस नीट विंचरले नव्हतेस."

शेजारच्या देशाच्या नौदलाने आमच्या बंदरांची नाकेबंदी केली, तेव्हा दादाचं जहाज धान्य घेऊन इकडेच येत होतं. झेंडा दुसऱ्याच देशाचा. "परक्या झेंड्याला कोण हात लावतंय?" असं दादा फोनवर म्हणाला होता. त्या दिवशी सकाळी त्याच्याच जहाजावर गोळीबार झाला. इंजिनच्या खोलीला मार बसला, कुणीतरी दगावलं. कोण, ते कळेना. दादाचा फोन लागेना, कंपनीवाले उचलेनात.

तरी वहिनी दुपारी कामावर निघाली. माझं डोकंच फिरलं. "आज कशाला जातेस?"

"आज तिथे दुसरं कुणी दिसलं, तर आई धसका घेतील," ती म्हणाली. "मला बघितलं की त्यांना धीर येतो."

संध्याकाळी आम्ही मायलेकी टीव्हीसमोर बसलो. जगाच्या प्रतिक्रिया सुरू झाल्या. एका देशाने तीव्र चिंता व्यक्त केली. दुसऱ्याने दोन्ही बाजूंना संयम राखायला सांगितलं. तिसऱ्याने निषेध केला, चौथ्याला पुन्हा चिंताच. दर वेळी वहिनी कपाळाशी बोटं फिरवून 'चिंता' सांगत होती. "चिंता करायला यांचं काय जातंय! नाकेबंदी उठवा म्हणायला जीभ झडते का?" मी चरफडले. आईने मला कोपराने ढोसलं, मध्ये येऊ नकोस म्हणून.

मग जहाजावर ज्यांचा झेंडा होता, त्या देशाचं निवेदन आलं. मरण पावलेल्या इंजिनिअरच्या कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, असं म्हणून निवेदकाने नाव वाचलं. दादाचं, वडिलांच्या नावासकट.

आम्हाला कुणीही कळवलं नव्हतं. माझा भाऊ गेला, हे मला परक्या सरकारच्या सांत्वनातून कळलं. आईला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. ती वहिनीकडे बघत होती.

वहिनीचे हात थांबले. बातमीत नाव आलं की त्याचं एकेक अक्षर बोटांनी दाखवायचं असतं. आई शाळेची पायरी चढलेली नाही, तिला अक्षरं येत नाहीत. वहिनी तशी दाखवून मोकळी झाली असती, तर कोण गेलं ते आईला त्या घडीला कळलं नसतं. पण लहानपणी पडल्याचा व्रण दादाच्या भुवईवर होता, आणि त्या व्रणावरूनच आईने खुणांत त्याचं नाव ठेवलं होतं. भुवईवरून दोन बोटं ओढली की दादा. वहिनीने सगळ्या देशासमोर भुवईवरून दोन बोटं ओढली. मग दोन्ही हात उताणे केले. गेला.

आई उठली आणि टीव्हीजवळ गेली. तिथून वहिनीला काही दिसत नाही, हे तिला का ठाऊक नव्हतं? तरी ती त्या चौकटीसमोर उभी राहून हातांनी सांगत राहिली, "पुरे. घरी ये, पोरी. घरी ये."

निवेदक पुढच्या देशाकडे वळला होता. त्या देशालाही चिंता वाटत होती, आणि वहिनी ती सांगत होती.