खिडकीकडची रांग

आमच्या नातीच्या वहीत सरांनी लाल शाईनं शून्य घातलं आणि खाली ‘नकल’, म्हणजे कॉपी केली, असं लिहिलं. त्यानंतर दोन दिवस पोर धड जेवली नाही. सातवीतली पोट्टी, एकच धरून बसली, “आजी, मैं नहीं जाऊँगी, सब चोर बोलते हैं.” मुलगा-सून नव्या रायपूरच्या ऑफिसात, सकाळीच निघतात. मग काय, तिला घेऊन मीच गेले.

चौबे कॉलोनीतली शाळा. त्या वर्षी वर्गातला फळा काढून भिंतीवर मोठा स्क्रीन लावला होता. गणित त्याच्यावर यायचं, ते वहीत उतरवून सोडवायचं. आमची बसायची खिडकीला लागून. तिचं म्हणणं एवढंच, की गणित दिसलं नाही म्हणून शेजारणीच्या वहीतून उतरवलं. उत्तर स्वतःचंच होतं.

सरांना म्हटलं, मले तिच्या जागेवर बसू द्या. बसले. स्क्रीनवर खिडकीचे गज दिसले, बाहेरचं ऊन दिसलं. गणित सोडून सगळं दिसलं.

“काही दिसून नाही राहिलं, सर.”

“माताजी, आपका अभी मोतियाबिंद का ऑपरेशन हुआ है न?”

जिना चढताना मीच बडबडले होते त्यांच्याजवळ. पोरं हसली. नातीनं मान आणखी खाली घातली.

मला राग आला. म्हटलं, “माझे जाऊ द्या, पण या रांगेतल्या पोरांचे डोळे तर कोवळे आहेत ना? त्यांच्या वह्या पाहा.”

सरांनी आठ वह्या गोळा केल्या. एक उघडली, दुसरी उघडली, आणि त्यांचा चेहरा बदलला. स्क्रीनवरच्या गणितात ६८ होते. बाकी वर्गानं तेच लिहिलं होतं. या आठही वह्यांत ६३.

“मतलब पूरी लाइन नकल करती है.”

एकीला सोडवायला आले आणि आठ जणांना अडकवलं.

मग त्याच रांगेच्या पहिल्या बाकावरची पोरगी उभी राहिली. “सर, हमको भी साफ नहीं दिखता. जो समझ में आता है, मैं पीछे बता देती हूँ.”

“पहले क्यों नहीं बोली?”

“बोली थी. आपने कहा, चश्मा लगवाओ.”

मी उठले, सर माझ्या जागी बसले. गुडघे बाकाखाली मावेनात. पुढचं गणित लावायला सांगून मोठ्यानं वाचू लागले. अर्ध्यावर अडखळले. डोळे बारीक केले, मान इकडे वाकवली, तिकडे वाकवली, पुन्हा वाचलं.

मधल्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, “सर, छत्तीस नहीं, छियासी है.” शहाऐंशीतल्या आठाचा सरांनीही तीन केला होता.

या वेळी कोणी हसलं नाही. मग सरांनी वह्यांतून नातीची वही काढली, शून्यावर आणि त्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वही तिच्यापुढे ठेवली.

“आज मैं बोलूँगा, तुम लोग लिखो.”

मी जिना उतरेपर्यंत त्यांचा आवाज येत होता. एकेक आकडा दोनदा सांगत होते.