सतरावा कागद

महिला उमेदवारांचे निवडणूक अर्ज मी अकरा वर्षे फुकट भरून देते. माहेर अमरावती, वकिली अकोल्यात. माझ्या यादीत सतरा कागद आहेत. सतरावा म्हणजे लग्नाआधीची आणि लग्नानंतरची बाई एकच, याचा पुरावा. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यावर अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो. तांदूळ परत डब्यात जातात. नोंद कुठेच होत नाही.

हा कागद यादीत आला तो माझ्याच अर्जामुळे. नगरसेवकपदासाठी उभी राहिले तेव्हा कोर्टातल्या सवयीने मी माहेरच्या नावाने सही केली. मतदार यादीत नाव सासरचे. अर्ज नामंजूर झाला. वकील असून केलेली चूक, ती कुणावर ढकलता आली नाही. पुन्हा मी उभी राहिले नाही.

पंचायत समितीच्या निवडणुकीत हिवरखेडकडची एक शेतकरी बाई ओबीसी महिलांच्या राखीव जागेवर उभी होती. समोर एकच उमेदवार. हिचा अर्ज उडाला की ती बिनविरोध. शेवटच्या दिवशी ही सोळा कागद घेऊन आली. सतरावा छाननीला आणते म्हणाली आणि मी ‘बरं’ म्हटले. छाननीच्या दिवशी ही तो कागद न घेताच आली.

समोरच्या उमेदवाराचा नवरा उठला. “सायेब, जातीचा दाखला एका बाईचा अन् अर्ज दुसऱ्या बाईचा. ह्या दोन बाया हायेत.”

“काहून भाऊजी,” ही म्हणाली, “माह्या लग्नात तुमी दोन पंगतीत जेवले. तवा नवऱ्या किती होत्या?”

सगळे हसले. निवडणूक अधिकारी हसले नाहीत. “तीनपर्यंत पुरावा द्या. नाहीतर अर्ज बाद.”

तेव्हा अकरा वीस झाले होते. तिचे वडील दर्यापूरजवळच्या गावात. शाळेचा दाखला आणि आधार कार्ड घेऊन लगेच निघा, असे मी त्यांना फोनवर सांगितले. इकडे ‘ही दोन्ही नावे माझ्याच मुलीची’ असे वडिलांचे प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतले, नोटरीला थांबवून ठेवले. दोन वाजले, सव्वादोन झाले. ती तहसीलच्या पायरीवर बसून होती.

“मॅडम, मी पडली तं चालते. पन मी मीच नाई, असं कागदावर येऊ नये.”

“चूक माझी आहे,” मी म्हटले. “त्या दिवशी मी ऐकायलाच नको होतं.”



दोन चाळीसला वडील आले आणि फाटकातूनच त्यांनी तिला जुन्या नावाने हाक मारली. ती झटकन उठली. त्या तालुक्यात तिला त्या नावाने कोणीच ओळखत नव्हते. पण हाक हा पुरावा नव्हे. वडिलांनी दोन प्रतींवर सह्या केल्या. दोन त्रेपन्नला एक प्रत टेबलावर गेली. अर्ज मंजूर झाला.

ती एकशे बारा मतांनी पडली. निकालानंतर चौथ्या दिवशी तिचा फोन आला. “मॅडम, तो बाबाच्या सहीचा कागद मले देसान का? पाच वर्सांनी लागते.”

दुसरी प्रत मी रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोचपावती परत आली. तिच्यावर तिने दोन्ही नावे लिहून सही केली होती.