नारळ फोडणारे गुरुजी

इतर बायका नवऱ्याला यजमान म्हणतात. आमच्याकडे यजमान म्हणजे पूजेला बसणारा, म्हणून मी नवऱ्याला नुसतं ‘हे’ म्हणते. हे त्र्यंबकेश्वरला पौरोहित्य करतात. आम्ही इंदिरानगरात राहायला आलो, तरी यांची पहाटेची त्र्यंबकेश्वरची बस काही सुटली नाही.

पूर्वी लोक पत्रिका घेऊन दारात यायचे, आता ईमेलला जोडून पाठवतात. कोण कुठला माणूस, ओळख ना पाळख, लिहितो की लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही, पत्रिका बघून काय ते सांगा. आणि हे प्रत्येकाची पत्रिका उघडणार. अडलेल्याला परत पाठवायचं नाही, हा यांचा बाणा! तसाच एक मेल आला. पत्रिकेवर बोट ठेवलं तर पासवर्ड मागणारी चौकट समोर आली, अगदी नेहमीच्या मेलसारखी दिसणारी. यांनी पासवर्ड टाकला. पत्रिका उघडलीच नाही. “बिचाऱ्यांना नीट जोडता आली नसेल,” असं म्हणून यांनी उलट त्या भामट्यालाच ‘पुन्हा पाठवा’ म्हणून कळवलं.

पुढे काय होणार? यांच्याच पत्त्यावरून सगळ्या यजमानांना मेल गेले. ‘आपल्या कुटुंबावर गंभीर दोष आढळला आहे. नारळ फोडून तातडीने शांती करावी लागेल. आजच शुल्क न भरल्यास पूजा रद्द होईल.’ खाली कुणाचा तरी खातेक्रमांक.

मला चोराचा तेवढा राग येत नाही. त्याचा तो धंदाच आहे. राग येतो वाचणाऱ्यांचा. आमच्या घरात नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. दक्षिणेचा आकडा यांनी कधी स्वतःहून सांगितलेला नाही, आणि ‘पूजा रद्द’ हे शब्द यांच्या जिभेवर यायचेच नाहीत. ज्यांच्या घरातल्या मुंजी, लग्नं, श्राद्धं यांनी केली, त्यांना एवढंही कळू नये? पंचवटीतल्या एका आजींनी तेवढा फोन केला, “काय हो गुरुजी, नारळ फोडायला कधीपासून लागलात?” बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांनी मुकाट्याने पैसे भरले आणि मग यांच्या नावाने बोटं मोडली.

आमच्या मुलीने पासवर्ड बदलला, पोलिसांत तक्रार केली. यांनी एकेकाला फोन लावून खरं काय ते सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं. काही नुसतेच “बरं, बरं” म्हणाले आणि पुढच्या कार्याला दुसऱ्या गुरुजींकडे गेले. यांच्या आजोबांपासून जोडलेली घरं होती ती. हे जेवता जेवता मध्येच थांबायचे. “त्यांना खरंच वाटतं गं, की ते मीच लिहिलं.” मी भात वाढायचे.

परवा मेल गेलेल्या घरांपैकीच एका घरातला मुलगा परदेशातून आला, वडिलांच्या श्राद्धासाठी. त्याच्या मुंजीत डोक्यावर वस्तरा लागताच त्याने भोकाड पसरलं, तेव्हा यांनीच पेढा भरवून गप्प केला होता. आता आसनावर बसण्याआधी म्हणाला, “गुरुजी, राग मानू नका, पण आधार कार्ड दाखवता का? हल्ली कुणाचं काही सांगता येत नाही.”

यांनी कार्ड दाखवलं. त्याने फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. मग यांनी त्याचं गोत्र, वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव, सगळं त्याला न विचारता म्हटलं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

घरी येऊन यांनी हे सांगितलं, तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, त्याचं बरोबर आहे. खात्री करूनच घ्यायला हवी.”

असेल बरोबर.

“आणि मग?” मी विचारलं.

“मग काय? सगळं नीट पार पडलं. जाताना वाकून नमस्कार केला त्याने. मी आशीर्वाद दिला.”

मी असते तर दिला नसता.