ब्रिखिदाची कंबर आणि दुसरी पट्टी

सान आन्तोनियो गावात कुणाच्या अंगावरचं पोलकं कुणी विणलं, हे ब्रिखिदा गुआरानला विचारावं. चर्चमध्ये ती मुद्दाम मागच्या बाकावर बसते आणि पाद्रीबाबांचं प्रवचन चालू असताना पुढच्या बायकांच्या पाठी वाचते. ही पट्टी आईच्या हातची, ही सुनेच्या. आणि ही बाई तर दोन वेगळ्या हातांचं कापड घालून आली आहे. बाहेर पडल्यावर ती हे सगळं त्या बाईला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात सांगते.

पोलकं दोन पट्ट्यांचं असतं. मधली शिवण गळ्याच्या बरोबर मध्यावर यायला हवी, म्हणजे दोन्ही पट्ट्या सारख्या रुंदीच्या हव्यात. मागाचं एक टोक अंगणातल्या खांबाला, दुसरं विणणारीच्या कमरेच्या पट्ट्याला. ती गुडघ्यांवर बसून जेवढी मागे रेलेल तेवढा ताणा, म्हणजे उभे धागे, घट्ट, आणि ताणा घट्ट तेवढं कापड अरुंद. त्यामुळे एकीने सुरू केलेलं कापड दुसरीने पुरं केलं, की ते बोटभर तरी बदलतंच.

जूनच्या मिरवणुकीत ब्रिखिदाची मुलगी इर्मा पहिल्यांदाच मानाची मेणबत्ती धरणार होती. मेणबत्ती धरणाऱ्या मुलीच्या अंगावर तिच्या आईच्या हातचंच पोलकं असतं. पहिली पट्टी विणून, घडी करून पेटीत गेली होती. दुसरी जेमतेम वीतभर झाली आणि ब्रिखिदा कपडे धुताना हौदापाशी घसरली. हाड मोडलं नाही. पण कमरेच्या डाव्या बाजूला सूज आली, हात ठेवला तर गरम लागे.

सगळ्यात आधी धावून आली ती पेत्रोना. इर्माच्या बाप्तिस्म्याला तीच धर्ममाता होती. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात आणि एकमेकींवर पाळत ठेवतात. बाळंतीण असो की पडलेलं माणूस, पेत्रोनाचा उपाय एकच: कंबर करकचून बांधायची, घाम येईपर्यंत वाफेच्या खोलीत बसवायचं आणि मग निपचित पडायला लावायचं. ब्रिखिदा पडून राहिली. सूज हलली नाही, उलट पाठ फळीसारखी ताठ झाली. पेत्रोनाने जाता जाता सुचवलं की उरलेली पट्टी ती विणून देईल, कुणाला कळणारही नाही.

"मला कळेल," ब्रिखिदा म्हणाली.

"तुझ्याशिवाय बघतंय कोण, कोमाद्रे?"

"तू."

शेवटी इर्माने तिला आरोग्य केंद्रात नेलं. तिथे चिमाल्तेनांगोहून नोएमी नावाची फिजिओथेरपिस्ट येते. तिने आधी तो कमरबंद सोडायला लावला. मग चटईवर गुडघ्यांवर बसवून, टाचांवर टेकवून, दोन्ही तळवे हळूहळू पुढे सरकवायला शिकवलं, मांजर उन्हात अंग लांबवते तसं. पाठ ताणल्यासारखी वाटली की थांबायचं, श्वास घेत राहायचं. दुखेपर्यंत जायचं नाही. सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ.

"याने सूज उतरेल?" ब्रिखिदाने विचारलं.

नोएमीने सांगितलं की कातडीखाली, स्नायूंभोवती, पातळ जाळीसारखे थर असतात. ते नीट सरकले नाहीत की जागा आखडते. उंदरांवर प्रयोग झालेत. त्यांना असा हलका ताण दिला तेव्हा पाठीतली सूज कमी झाली. माणसांचं अजून तपासताहेत, त्यामुळे छातीठोकपणे ती काही सांगणार नाही. पण पडून राहण्यापेक्षा हे बरं.

उंदरांना ताण कसा देतात, हे ब्रिखिदाला कळेना. शेपटीला धरून जरा उचलतात आणि उंदीर पुढच्या पायांनी टेबलाची कड धरून ठेवतो, हे ऐकून ती एवढी हसली की कमरेत कळ आली. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली की सरकारी केंद्रात उंदरांची कसरत घेतात.

पण घरी आल्यावर तिला तो व्यायाम फारच पुळचट वाटला. चाळीस वर्षं तिने ताणा नखाने वाजवून पाहिलेला, आवाज आला नाही तर आणखी मागे रेललेली. एवढ्याशा ताणाने काय होणार? तिने मागाचा पट्टा कमरेला लावला, दोरी थेट खांबाला बांधली आणि सगळं वजन टाकून मागे रेलली. दुखलं. दुखतंय म्हणजे काम होतंय, असं समजून तिने दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी इर्माने आणि तिच्या बापाने मिळून तिला अंथरुणातून उठवलं.

नोएमी या वेळी घरी आली. खांबाची दोरी तिने हातात धरून पाहिली.

"ब्रिखिदाबाई, हे काय?"

"तूच सांगितलंस ना ताणायला?"

"मी दुखायच्या आधी थांबा म्हणाले होते."

"ढिल्या ताण्यावर कापड होतं का कधी?"

"तुम्ही कापड नाही आहात. आत फाटलंय ते सांधायचं काम शरीर करतंय, आणि तुम्ही रोज ते उसवताय."

उसवणं ब्रिखिदाला समजलं. ती तळवे पुढे सरकवू लागली, दुखायच्या अलीकडे थांबू लागली. तिला हे विणण्यापेक्षा अवघड गेलं, कारण थांबायची सवय नव्हती. इर्मा कणीस सोलत समोर बसे आणि जरा जोर दिसला की "आई, उंदीर" एवढंच म्हणे. सुजेची ऊब हळूहळू गेली. मे संपता संपता ती मागावर बसली. थोडं विणायचं, उठायचं, पुन्हा बसायचं.

पट्टी हातभर झाल्यावर तिने पहिली पट्टी काढून शेजारी ठेवली. नवं कापड तिच्यापेक्षा बोटभर जास्त रुंद होतं. नकळत ती पूर्वीइतकी मागे रेललीच नव्हती. आता उसवून पूर्वीच्या जोराने विणावं, तर जूनमध्ये इर्मा मिरवणुकीत आणि आई अंथरुणात. बराच वेळ ती दोन्ही कापडांकडे बघत बसली. मग पहिली पट्टी परत पेटीत ठेवली आणि आहे त्याच ताणावर विणत राहिली.

मिरवणुकीच्या सकाळी शिवण इर्माच्या गळ्याच्या मध्यापासून थोडी डावीकडे होती. ब्रिखिदा स्वतःच्या पायांनी तिच्यामागून चालत होती. चर्चच्या पायऱ्यांपाशी पेत्रोनाने इर्माची पाठ एकदा पाहिली, पुन्हा पाहिली, आणि जवळ सरकून खालच्या आवाजात विचारलं, "कोमाद्रे, दुसरी पट्टी कुणाची गं?"

"माझीच."

"पहिलीसारखी नाही वाटत."

"नाहीच," ब्रिखिदा म्हणाली आणि चालत राहिली.