कानसेन आणि तुंबलेला जेट

धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींना लोक कानसेन म्हणत. गाण्याशी त्यांचा संबंध नव्हता. कुठं गाणं लागलंच तर ते बंद करायला सांगत. पण बोटीच्या मागे लटकणारं इंजिन चालू करून ते डोळे मिटून उभे राहिले, की कार्बुरेटरला पेट्रोल कमी पडतंय की हवा, हे त्यांना नुसतं ऐकून कळे. मग स्क्रू आत, इंजिन अडखळेपर्यंत. मग बाहेर, पुन्हा अडखळेपर्यंत. त्या दोन अडखळण्यांच्या मधे कुठंतरी एक जागा असते, जिथं इंजिन पोटभर जेवलेल्या माणसासारखं निवांत गुरगुरतं. ती सापडली की कानसेन डोळे उघडत. लोक हे बघायला हातातली कामं टाकून थांबत.

अलीकडे ते डोळे पूर्ण मिटत नव्हते. कान जात चालले होते. आधी बारीक आवाज गेले, मग बायकोचा गेला, आणि हे लक्षात यायला दोघांनाही बराच वेळ लागला. आता ते पापण्यांच्या फटीतून बघ्यांच्या भुवया वाचत, आणि भुवया सैल पडल्या की स्क्रूवरचा हात काढत. गर्दी असली की काम उत्तम होई.

कार्बुरेटर खोलून धुताना मात्र भुवया नसतात. त्यातला जेट म्हणजे शेंगदाण्याहून लहान पितळी तुकडा, मधोमध सुईएवढं भोक. संथ चालताना इंजिनाला पेट्रोल त्यातूनच मिळतं. ते भोक तारेनं खरवडायचं नाही, मोठं होतं. हवा सोडायची आणि ऐकायचं. मोकळा जेट शीळ घालतो. व्याह्यांच्या बोटीचं इंजिन आलं तेव्हा कानसेननी याच रीतीनं कार्बुरेटर धुतला, नवं गॅस्केट घातलं, जेटमध्ये हवा सोडली आणि शीळ ऐकली. खरं म्हणजे आठवली. आयुष्यभर ऐकलेला आवाज ऐकायला कान लागतातच असं नाही.

व्याही नदीवर उतारूंची ने-आण करत. दुरुस्तीनंतर त्यांचं इंजिन भर वेगात ठणठणीत चाले आणि धक्का जवळ आला, वेग उतरवला, की मान टाके. एकदा बोट तशीच येऊन धक्क्यावर आदळली आणि शिंप्याचं शिवून झालेल्या कपड्यांचं गाठोडं पाण्यात गेलं. व्याही भिडस्त. मुलाच्या सासऱ्याला जाब विचारला की लग्नातलं काय काय वर निघेल सांगता येत नाही, म्हणून ते नुसतेच पेट्रोलचा कॅन घेऊन उभे राहिले. कानसेननी कॅनचं झाकण काढून वास घेतला आणि चारचौघांत निकाल दिला.

"तेल जास्त पडलंय. मिश्रण कोण करतं?"

पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम विहीणबाईंचं होतं. हे सगळ्या धक्क्याला ठाऊक होतं, त्यामुळे प्रश्नाची गरज नव्हती. विहीणबाई म्हणाल्या, पडलं असेल माझ्या हातून. त्या दिवसापासून कॅन व्याह्यांनी स्वतःकडे घेतला.

कानसेनची मुलगी माहेरी आली तेव्हा तिनं हे सविस्तर सांगितलं. सासऱ्यांना नाकावरचा चष्मा सापडत नाही, आणि आता ते तेल मोजतात. सासूबाई कॅन ठेवलेल्या कोपऱ्यात केरसुणीसुद्धा घालत नाहीत. कानसेनना यातलं निम्मं ऐकू आलं. उरलेलं तिच्या चेहऱ्यावर होतं.

इंजिन तरीही मान टाकतच राहिलं आणि परत कानसेनकडे आलं. या वेळी त्यांनी जेट काढून खिडकीशी उजेडात धरला. भोकातून उजेडाचा ठिपका दिसायला हवा होता. दिसला नाही. त्यांनी डोळा बदलून पाहिलं, दोष डोळ्यांवर ढकलता येतो का ते. मग तो तुकडा गाळ सोडवणाऱ्या औषधात भिजत ठेवला आणि ठिपका दिसेपर्यंत हवा मारली. दुकानात कुणी नव्हतं, तरी त्यांचे कान लाल झाले. तेवढं एक काम त्या कानांना अजून जमत होतं. व्याह्यांना त्यांनी सांगितलं, आतला गाळ काढलाय. गाळ कशामुळे राहिला, हे व्याह्यांनी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

राहिलं स्क्रूचं काम. ते बोटीवर, पाण्यातच करायचं. इंजिन चालू झालं, कानसेननी पापण्या मिटल्यासारख्या केल्या आणि समोरच्या भुवया शोधल्या. समोर फक्त व्याही होते, आणि त्यांच्या भुवया जन्मात कधी हललेल्या नव्हत्या. विहीणबाई मागे, धक्क्याच्या पायरीवर. कानसेननी अंदाजानं स्क्रू आत घेतला. आणखी घेतला. इंजिन थरथरलं आणि बंद पडलं.

व्याही त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होते, म्हणून कानसेन वळले. विहीणबाई बोलत होत्या. आवाज पोचत नव्हता, पण एव्हाना त्यांना ओठ बऱ्यापैकी वाचता येत.

"माझंच चुकलं. मी मधेच पुरे म्हणाले, त्यांचं लक्ष उडालं."

त्या खरंच पुरे म्हणाल्या होत्या. योग्य जागी, अगदी वेळेवर. मेस्त्रींनी ऐकलं असतं तर इंजिन निवांत गुरगुरत राहिलं असतं. आणि आता त्यांनी न ऐकलेलंही बाईंनी आपल्या खात्यावर घेतलं होतं.

कानसेन स्क्रूड्रायव्हर हातात धरून उभे राहिले. शिंपी आला होता, मासेवाल्या होत्या, पलीकडे जायला थांबलेले उतारू होते. त्यांनी मान खाली घातली आणि जरुरीपेक्षा फार मोठ्यानं बोलले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज मोजता येत नाही.

"तेल बरोबर होतं. पहिल्यापासून. जेट मी तुंबलेलाच बसवला होता. मला ऐकू येत नाही."

व्याही काहीतरी म्हणाले. कानसेनना ते कळलं नाही. असं झालं की हसून मान डोलवायची, ही त्यांची जुनी सवय. आज मान डोलेना.

"काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

उत्तर विहीणबाईंनी दिलं, पायरीवरून खाली उतरून, तोंड त्यांच्यासमोर आणून, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

"ते म्हणतायत, ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. जेटचं मात्र आज कळलं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर कानसेनना बरं वाटलं असतं. विहीणबाईंनी नवऱ्याच्या पायाशी असलेला कॅन उचलून बोटीत ठेवला. मग त्या इंजिनाशेजारी बसल्या, थांबायची खूण म्हणून पंजा वर करून दाखवला आणि व्याह्यांना दोरी ओढायला सांगितलं. इंजिन चालू झालं. कानसेननी स्क्रूला हात लावला आणि विहीणबाईंच्या चेहऱ्याकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत राहिले, कारण थांबायचं कुठं ते त्या हातानं सांगणार होत्या.