शालीचा फोटो

गावात कुणी काही सांगायला लागलं, की वार्ताहर चष्मा काढून हातात धरायचे आणि विचारायचे, "सोता बघितलंय का?" समोरचा 'न्हाई, पण सगळं गाव म्हणतंय' असं म्हणाला, की चष्मा परत डोळ्यांवर जायचा आणि ते पेपर वाचायला लागायचे. ती बातमी तिथंच संपली. असा एखादा खडूस माणूस तुमच्याही गावात असेल. नसेल, तर तुमच्या गावाचं काही खरं नाही.

उंब्रजच्या अलीकडे, महामार्गाच्या कडेला आमचं गाव. एसटी स्टँडसमोर माझं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवड, बारसं, दहावं, सगळ्यांचे चेहरे माझ्याच मशीनमधून बाहेर पडतात. वार्ताहर फौजेतून, सिग्नल पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. सांगलीहून निघणाऱ्या एका दैनिकाला आमच्या भागातल्या बातम्या द्यायचे. नाव होतं त्यांना, पण बायकोसुद्धा "वार्ताहर अजून जेवायला आलं न्हाईत" म्हणायची, मग बाकीच्यांचं काय. रोज सकाळी माझ्या दुकानातल्या बाकावर बसून ते स्वतःची छापून आलेली बातमी वाचायचे आणि ती कापली म्हणून सांगलीच्या दिशेला तोंड करून दोन शिव्या हासडायचे.

एकदा उसात बिबट्या आला. सगळ्या पेपरांत बिबट्या, सगळ्यांच्या मोबाईलवर बिबट्या. वार्ताहर संध्याकाळी बांधावर जाऊन बसले, दुसऱ्या दिवशीही बसले, आणि मग त्यांनी बातमी दिली की तो बिबट्या म्हणजे वरच्या आळीतलं एक पिवळं कुत्रं आहे. गावाला हायसं वाटायला पाहिजे होतं. उलट लोक आठवडाभर त्यांच्याशी धड बोलेनात. त्यांचा हक्काचा बिबट्या गेला होता.

मग ती टाकी आली. शेजारच्या गावात पाण्याच्या एकाच टाकीचं दोनदा उद्घाटन झालं. दोन्ही वेळा फीत कापणारा माणूसही एकच, आमच्या भागातले एक संचालक. कुठले संचालक ते विचारू नका, आमच्याकडे माणूस एकदा संचालक झाला की मरेपर्यंत संचालकच राहतो. वार्ताहरांनी दोन्ही उद्घाटनं स्वतः बघितली होती आणि गावातले कोरडे नळही बघितले होते. बातमी आली, कोरड्या नळाच्या फोटोसकट.

पुढच्या बाजारच्या दिवशी, भर दुपारी, कांद्याच्या ढिगांमध्ये चार पोरांनी त्यांना गाठलं. मोबाईल फोडला. काठीनं मारलं. उजवा हात मोडला. मी त्या दिवशी मशीनचे रोल आणायला सांगलीला गेलो होतो. परत आलो तर वार्ताहर दवाखान्यात आणि गावात चिडीचूप.

ही पोरं संचालकांच्या गाडीतून फिरतात हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण पोलिसांची विचारपूस सुरू झाली आणि कुणी काही बघितलंच नव्हतं. एक जण तेव्हा तराजूकडे बघत होता, एक जण चहाला गेला होता, एकाच्या डोळ्यांत नेमकी मिरची गेली होती. अख्खा बाजार एका दुपारपुरता आंधळा झाला. गुन्हा दाखल झाला तो अज्ञात इसमांवर. मला त्या पोरांचा आला नाही एवढा संताप या तराजूवाल्यांचा आला. मी दवाखान्यात वार्ताहरांच्या खाटेशेजारी उभा राहून तोंडाला येईल ते बोलत होतो. वार्ताहरांनी डाव्या हातानं चष्मा काढला.

"तू सोता बघितलंस का?"

"मी सांगलीला होतो."

"मग तू गप बस." आणि छताकडे बघत म्हणाले, "मला कुणाला आत घालायचं न्हाई रं. एकानं तरी म्हणावं, मी बघितलं. येवढंच."

महिनाभरानं भागातल्या पत्रकार मंडळींनी वृत्तपत्र स्वातंत्र्यासाठी जाहीर सभा घ्यायचं ठरवलं, आमच्याच बाजाराच्या मैदानात. फ्लेक्सचं काम माझ्याकडं आलं. मी जीव ओतून केलं. मधे वार्ताहरांचा फोटो, शेजारी मोठं पेन. संध्याकाळी आयोजक आले आणि म्हणाले, वर जरा जागा ठेवा, अध्यक्षांचा फोटो येतोय. अध्यक्ष कोण? तर संचालक.

तुमचं डोकं ठिकाणावर आहे का, असं मी सरळ विचारलं. त्यांना राग आला नाही, हेच मला सहन झालं नाही.

"आवं, मंडप त्यांचा, खुर्च्या त्यांच्या," ते समजुतीनं म्हणाले. "आन स्टेजवर कोण मोठा माणूस नको व्हय?"

आमच्याकडं हे असंच आहे. लग्न असो, दहावं असो नाहीतर निषेध असो, मोठ्या माणसाचा हात लागल्याशिवाय नारळ फुटत नाही. ज्याचा निषेध करायचा, त्यालाच अध्यक्ष करून मोकळे! संचालकांचा चेहरा एवढा मोठा टाकावा लागला, की पेन सरकत सरकत त्यांच्या कानामागं जाऊन बसलं. सुताराच्या पेन्सिलीसारखं दिसत होतं.

मी वार्ताहरांना जाऊन सांगितलं, तुम्ही येऊ नका. ते म्हणाले, "बघितल्याबिगर लिवू कसं? सभा कव्हर करायची हाय." स्वतःच्याच सभेची बातमी द्यायला ते इस्त्रीचा शर्ट घालून, हात गळ्यात बांधून आले.

सभा चांगली भरली. संचालक बोलायला उभे राहिले आणि लेखणीवरचा हल्ला हा आपल्या सर्वांवरचा हल्ला आहे असं म्हणाले. ज्या कुणी भ्याडांनी हे केलं त्यांचा त्यांनी तीव्र शब्दांत निषेध केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या गाडीतली पोरं तेव्हा रांगारांगांतून पाण्याच्या बाटल्या वाटत होती. माझ्याही हातात एक आली. मी ती खुर्चीखाली ठेवून दिली.

मग सत्कार. वार्ताहरांचा एक हात बांधलेला, दुसऱ्यात कुणीतरी नारळ कोंबलेला, त्यामुळं त्यांना शाल अडवता आली नाही. संचालकांनी ती मागून पांघरली, वार्ताहर नारळ कुठं ठेवावा म्हणून खाली वाकले, आणि तेवढ्यात फोटो निघाला.

नारळ टेबलावर ठेवून वार्ताहरांनी शाल काढली, संचालकांच्या रिकाम्या खुर्चीवर टाकली आणि माइकपाशी गेले. चष्मा काढला.

"मला हितंच मारलं, भर बाजारात," ते म्हणाले. "सोता बघितलंय कुणी? हात वर करा."

पहिल्या रांगेतला तराजूवाला आपल्या चपलांकडे बघत होता. मी तिसऱ्या रांगेत. माझा हात शिवशिवला, खांद्यापर्यंत आला. वार्ताहरांचं लक्ष गेलं आणि त्यांनी माझ्याकडं बघून नको म्हणून मान हलवली. मी सांगलीला होतो. त्या मोडक्या हाताच्या माणसाला तेव्हाही खोटा साक्षीदार नको होता.

मागून एक बाई उठली. कांदेवाल्या मावशी. हात वर करून सावकाश म्हणाली, "म्या बघितलंय. माज्याच कांद्यावर पडलं हुतं ते." आणि तिनं बोट केलं. "त्यो बघा, बाटल्या वाटतोय त्यो. काठी त्याच्या हातात हुती."

माइक बंद पडला. लगेच चालूही झाला आणि आयोजकांनी राष्ट्रगीत सुरू केलं. सगळे उठले. वार्ताहर काही बोलणार होते, पण ते फौजेतले. टाचा जुळवून, ताठ, बांधलेला हात छातीशी धरून उभे राहिले, ओठ घट्ट मिटून. राष्ट्रगीत संपेपर्यंत पोरं गाडीत बसली होती. असा गळा घोटायला आम्ही काय वापरलं हे आठवलं, की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

त्यांनी डाव्या हातानं लिहून बातमी पाठवली. मावशींच्या साक्षीसकट, सगळी. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दैनिकात आला तो शालीचा फोटो. संचालकांच्या हस्ते वार्ताहराचा सत्कार, सभा उत्साहात. फोटोत वार्ताहर वाकलेले, पाया पडल्यासारखे. नारळ दिसतच नव्हता. माझ्या बाकावर बसून त्यांनी ते पान बघितलं. त्या दिवशी त्यांनी सांगलीला शिवी दिली नाही. "ही कुठली सभा रं?" एवढंच विचारलं. त्यानंतर त्यांनी एकही बातमी पाठवली नाही.

गेल्या वर्षी ते गेले. भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सची ऑर्डर दुपारपर्यंत माझ्या मोबाईलवर आली, संचालकांच्या माणसाकडून. वर संचालक हात जोडून, खाली तोच शालीचा फोटो. मशीन बंद आहे म्हणून मी कळवलं. मशीन चालू होतं.

आता त्या बाकावर कुणीही येऊन बसतं. काहीबाही बोलतात. वार्ताहर उगाच ताणत होते, शेवटी त्यांनीही शाल घेतलीच की, मिटलं होतं त्यांचं, पेपरात फोटो आलाय. मी मशीन थांबवतो आणि विचारतो, "सोता बघितलंय का?"

नसतंच बघितलेलं. मी बघितलंय, तिसऱ्या रांगेतून. आणि माझ्यावर विश्वास बसत नसेल, तर बाजारच्या दिवशी या. मावशींची मधली जागा आता गेली, त्यांना गटाराकडेच्या कोपऱ्यात बसवतात. कांदे घ्या आणि त्यांना विचारा.