येऊन राहिलीत, अक्का

ज्या माणसाला समुद्र लागतो, आणि तोही बंदराला बांधून ठेवलेल्या जहाजावर, त्यानं नौदल शिकवू नये. मी नोकरीभर तेच शिकवलं.

नांदेडच्या एका कॉलेजात संरक्षणशास्त्र हा माझा विषय होता. आमच्याकडं पाणी म्हणजे गोदावरी, आणि तिच्यावरही उन्हाळ्यात फार भरवसा ठेवता येत नाही. अशा गावात मी फळ्यावर विमानवाहू नौका काढायचो. पोरं मान वाकडी करून बघायची आणि म्हणायची, “सर, ही तर गुरांना पाणी पाजायची डोण वाटून राहिली.” त्यांचं खरं होतं. माझी पाणबुडी दुधी भोपळ्यासारखी यायची. पण पोरांना पोलीस भरतीचं पडलेलं असायचं आणि मार्क मी हात सैल सोडून द्यायचो, त्यामुळं विषय चालला.

माझा लाडका धडा म्हणजे विकसनशील देशाच्या हवाई दलाचं आणि नौदलाचं आधुनिकीकरण. तो मी कीर्तनासारखा रंगवायचो. जुनी विमानं म्हातारी झालेली, नवी परवडत नाहीत. गरज मान्य होते, निविदा निघते, चाचण्या होतात, कुणीतरी तक्रार करतं, फाइल परत जाते, पुन्हा पहिल्यापासून सुरू. तोवर एका यंत्राचे सुटे भाग काढायचे आणि दुसरं उडवायचं. “मग काय?” असं मी विचारलं की अख्खा वर्ग ओरडायचा, “पुन्हा निविदा!” हशा व्हायचा. मलाही तो धडा फार विनोदी वाटायचा.

या ज्ञानावर मी स्थानिक चॅनलचा तज्ज्ञ झालो. स्टुडिओ एका साडीच्या दुकानाच्या वर होता. मागं लढाऊ विमानाचं चित्र लावलेलं, आणि मी असा बसायचो की ते विमान माझ्या कानातून बाहेर येतंय असं दिसायचं. मी भाकितं करायचो. नवी पाणबुडी पुढच्या वर्षी, नवी हेलिकॉप्टरं त्याच्याही आधी. एकही खरं ठरलं नाही. पण त्याबद्दल कुणी जाब विचारला नाही, उलट पुढच्या खेपेला पुन्हा बोलावलं.

माझं सगळं खरं मानणारं एकच माणूस होतं, माझी थोरली बहीण, अक्का. ती शिरूर अनंतपाळला असते. दाजींचं तिथं हार्डवेअरचं दुकान आहे. तिचा एकुलता एक मुलगा नौदलात गेला. माझी व्याख्यानं ऐकून गेला, असं मी चारचौघांत सांगत फिरायचो. खरं म्हणजे तो शेतातल्या विहिरीत पोहायला शिकला होता आणि बाहेर निघायचं नाव घ्यायचा नाही, म्हणून गेला.

त्याच्याकडं हेलिकॉप्टरची देखभाल होती आणि कामगिरी निघाली की त्याच हेलिकॉप्टरमधून तो जायचाही. त्याचा फोन यायचा, सुरुवात आमच्यातल्या नमस्कारानं.

“शरणार्थ, मामा. तुमचं आधुनिकीकरण कुठवर आलं?”

“येऊन राहिलं बाबा.”

“धड्यात बसूनच येऊन राहिलं का? आमचं म्हातारं वाट बघून राहिलं. माझ्याहून थोरलं हाय ते, मामा. पाना लावायच्या आधी अहोजाहो करावं लागतं.”

तो हसायचा. अक्का हसायची नाही. मी नांदेडहून एसटीनं शिरूरला उतरलो, घरात शिरलो की पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी तिचा प्रश्न यायचा, “आली का रे नवी?” गावात दुसऱ्या बायका सून बघायची चौकशी करतात, तशी ही नव्या हेलिकॉप्टरांची करायची.

मी म्हणायचो, “येऊन राहिलीत, अक्का.”

“टीव्हीवर बी तू तसंच म्हणलास. मंग येतील.”

एकदा भाच्याच्या ओळखीनं त्याचा तळ बघायची परवानगी मिळाली आणि मी वर्ग घेऊन निघालो. आता आमच्याकडची एक रीत आहे. मराठवाड्यातला माणूस कुठंही गेला तरी तिथल्या साहेबाचा सत्कार केल्याशिवाय परत येत नाही. शाल, श्रीफळ आणि हार घेऊन मी नांदेडहून निघालो. हार रेल्वेत पाणी मारून ताजा ठेवला होता. आत शिरताना सांगितलं गेलं की खिसे रिकामे करा, सुटी वस्तू जवळ ठेवू नका. उडत्या यंत्राजवळ एक नाणं, एक खिळासुद्धा चालत नाही, इंजिनानं आत ओढलं तर संपलं. हे मी स्वतः शिकवायचो, परीक्षेत विचारायचो. मी इमानदारीनं पेन दिलं, चिल्लर दिली, कंगवासुद्धा दिला. पण सत्काराचं सामान म्हणजे सुटी वस्तू, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सत्कार तो सत्कार.

साहेब मैदानावर माहिती सांगत होते. पलीकडं एका हेलिकॉप्टरचा पंखा फिरायला लागला होता. मला वाटलं, फोटोला याहून चांगली जागा मिळायची नाही. मी पिशवीतून हार काढून साहेबांच्या गळ्यात घातला, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. पुढचं मी पाहिलं ते तुकड्यातुकड्यांनी. शाल उडाली आणि माझ्या एका विद्यार्थिनीच्या तोंडाला गुंडाळली गेली. साहेबांनी नारळ छातीशी धरला. आणि झेंडूच्या पाकळ्या, पिवळ्या, केशरी, त्या सगळ्या काँक्रीटभर.

पंखा थांबवला. सगळंच थांबलं. मग जवानांची रांग लागली, खांद्याला खांदा. वाकून ते एकेक पाकळी वेचत पुढं सरकू लागले. त्या रांगेत माझा भाचा होता. मान खाली होती, पण त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय की हसतोय ते मला कळेना. कँटीनमध्ये चहाला बसल्यावर कळलं. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसत होता.

“मामा, तुमच्यापायी नौदलानं आज फुलं वेचली.”

मग त्यानं कॉलर बाजूला करून गळा दाखवला. मोकळा होता.

आम्ही लिंगायत. लहानपणी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग आमच्यात जन्मभर अंगावेगळं करत नाहीत. माणूस गेला की त्याला बसवून, डाव्या तळहातावर ते लिंग ठेवून माती देतात. तो मोकळा गळा बघून माझा घोट तसाच तोंडात राहिला.

“बघून राहिलात काय? कामावर जाताना काढून कपाटात ठेवावं लागतं. अंगठी न्हाई, कडं न्हाई, दोरा न्हाई. आमी लिंग काढून ठेवून राहिलो, अन् तुमी अख्खा हार घेऊन आलात!”

“अक्काला माहीत हाय?”

“न्हाई. अन् तिला सांगू नका, बेजार हुईल. काम संपलं की पहिलं ते घालतो, मामा. जेवायच्या आधी.”

मी सांगितलं नाही. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, हे एवढंच राहिलं.

वादळी दिवसांत समुद्रात अडकलेल्या मच्छीमारांना काढायला गेलेलं त्यांचं हेलिकॉप्टर पाण्यात गेलं. सोबतचे सापडले. तो सापडला नाही. पुष्कळ शोधलं. म्हातारपणामुळं गेलं की वाऱ्यामुळं, हे मला आजही माहीत नाही. वर्गात असतो तर ठणकावून सांगितलं असतं. चॅनलवाल्यांचा फोन आला, “सर, जुन्या हेलिकॉप्टरांवर दोन मिनिटं बोलता का?” मी फोन ठेवून दिला.

मग त्याची पेटी शिरूरला आली. ओसरीवर नातेवाईक बसलेले. घडी केलेले कपडे निघाले, बूट निघाले, आणि तळाशी पांढऱ्या रुमालात नीट गुंडाळलेली चांदीची डबी. आत त्याचं लिंग.

अक्कानं ती हातात घेतली. रडत होती, ती थांबली.

“हे इथं कसं? मंग त्याच्या गळ्यात काय होतं?”

भावकीतली एक म्हातारी दुसरीच्या कानाशी पुटपुटली, पण ओसरीभर ऐकू गेलं, “बाहेर गेलेली पोरं टाकतात की गं असलं सगळं. लाज वाटते त्यांना.”

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. “तू शिकवतोस ना हे? सांग. त्यानं का काढलं?”

मला माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ‘तिला सांगू नका’ हे त्याचे शब्द आठवले, आणि समोर चार माणसं बसलेली दिसली की माझ्यातला तज्ज्ञ जागा होतो. मी घसा खाकरून म्हणालो, “अक्का, ते जुनं हेलिकॉप्टर होतं, म्हणून काढावं लागायचं. नव्यात तसं नसतं. नवी आली असती तर काढावंच लागलं नसतं.”

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पोराची अब्रू राखली म्हणून मी स्वतःवर खूश झालो. अक्का माझ्याकडं बघतच राहिली. तिच्या नजरेत काय होतं ते कळायला मला परतीच्या एसटीत अहमदपूर यावं लागलं. नवी येऊन राहिलीत, हे तिला दर खेपेला कोण सांगत होतं? आणि आता त्याच तोंडानं मी सांगून आलो होतो की ती वेळेवर आली असती, तर तिचं पोर निदान लिंगाशिवाय गेलं नसतं.

त्यानंतर अक्कानं मला तो प्रश्न कधी विचारला नाही. मी उतरायचो, ती पाण्याचा तांब्या द्यायची, विचारायची, “गर्दी होती का गाडीला?” बस.

मठातले स्वामी म्हणाले, त्याच्या आजोबांच्या समाधीशेजारी जागा करून लिंगाला माती द्या. अक्का म्हणाली, “हात न्हाई तर ठिवू कुठं?” तिनं ते ठेवून घेतलं. रोज सकाळी पूजेला बसली की डाव्या तळहातावर दोन लिंगं, तिचं आणि त्याचं. एका माणसाला एकच लिंग, दोन चालत नाहीत, हे तिला पुष्कळांनी सांगितलं. तिनं कुणाला उत्तर दिलं नाही. पण मला ते बघवायचं नाही. दोन्ही तळहातात नीट मावायची नाहीत. ती बोटं वाकवून वाकवून ती सांभाळायची.

आणि मग नवी हेलिकॉप्टरं खरंच आली. चॅनलवाल्यांनी गाडी पाठवतो म्हणून सांगितलं. मी म्हणालो, माझ्या बहिणीकडं जायचंय.

शिरूरला पोचलो तेव्हा टीव्हीवर तेच चालू होतं. राखाडी, चकचकीत हेलिकॉप्टर, पुढं नारळ फोडलेला, टाळ्या. दाजी दुकानात होते. अक्का भिंतीला टेकून बसली होती.

“आली रे,” ती म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवून तिच्याशेजारी बसलो.

“लई देखणी हायत.” ती पडद्यावरच्या पोरांकडं बघत होती. तिच्या पोराच्याच वयाची होती ती. “चला. या लेकरांना तरी गळ्यातलं काढावं लागायचं न्हाई.”

त्या ‘चला’मध्ये इतकं समाधान होतं की मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. ती आणखी कुणाला विचारायला जाणार नव्हती. पण आयुष्यात पहिल्यांदा मला तज्ज्ञ राहायचा कंटाळा आला.

“काढावं लागतं, अक्का.”

“आँ?”

“यात बी काढावं लागतं. सगळ्यात काढावं लागतं, जुनं असू दे का नवं. मी खोटं बोललो. नियमच हाय तसा.”

आणि मी तिला हाराची गोष्ट सांगितली. नांदेडहून पाणी मारत नेलेला हार, साहेबांच्या छातीशी नारळ, पोरीच्या तोंडाला शाल, आणि तिचा मुलगा रांगेत वाकून झेंडू वेचतोय. ती ऐकत होती. पाकळ्यांपाशी आलो तेव्हा तिच्या तोंडावर काहीतरी हललं. मग ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, अंग हलवत, अगदी त्याच्यासारखी. हसता हसताच रडायला लागली, आणि मीही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “म्हणजे त्यानं टाकलं न्हाई.”

“न्हाई गं.”

“मंग काय म्हणाला? परत कवा घालायचा?”

“काम संपलं की पहिलं तेच घालतो म्हणाला. जेवायच्या आधी.”

अक्कानं डोळे पुसले. टीव्ही बंद केला. देवळीतनं चांदीची डबी आणली, पदरानं पुसली आणि मांडीवर ठेवली.

“मंग मी हिथं धरून का बसले रे? त्याचं काम संपलं की.” ती डबीवरून अंगठा फिरवत राहिली. “नेऊन देऊ त्याला. कुठल्या गाडीनं जावं लागतं?”

“नांदेडहून रेल्वे हाय. पण अक्का, मला समुद्र लागतो.”

“तू काठावर बस,” ती म्हणाली. “अन् हार घिऊ नको.”